भगंदर : बिळाची दोन तोंडे

आषाढ सरत आला म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यातील राजूरच्या आसपासची खाचरे पाण्याने तुडुंब भरलेली असतात. एकीकडे कळसूबाईची डोंगररांग, दुसरीकडे १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाने अडविलेले भंडारदऱ्याचे पाणी, आणि मधल्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली काळभात-जिरवेलीची शेते, असा तो मुलूख आहे. लावणी उरकली की तेथील शेतकऱ्यास एकच चिंता लागून राहते, ती बांधाची. एखाद्या सकाळी बांधाच्या बाहेरच्या अंगास पाण्याची बारीक धार लागलेली दिसते. नवखा माणूस त्या धारेवर चिखलाचा गोळा थापून मोकळा होईल. जाणता शेतकरी तसे करीत नाही. ही खेकड्याची करणी आहे, बाहेर दिसते ते बिळाचे केवळ एक तोंड आहे, दुसरे तोंड आत पाण्याखाली आहे आणि ते सापडेपर्यंत बाहेरचा सारा खटाटोप फुकट आहे, हे तो पुरतेपणी जाणून असतो. म्हणून तो आतल्या बाजूस पाण्यावर कोठे बारीकसा भोवरा फिरतो आहे ते न्याहाळतो, आणि आतले तोंड हाती लागल्यावरच कुदळ उचलतो.

माणसाच्या शरीरातही नेमके असेच एक बीळ पडत असते. त्यास वैद्यकात भगंदर असे नाव आहे. हा रोग जुना आहे, सर्वत्र आढळणारा आहे आणि बहुतेक वेळा बरा होणारा आहे. तरीसुद्धा त्यापायी माणसे वर्षेच्या वर्षे झिजतात, याचे कारण रोगाच्या असाध्यतेत नसून त्याच्या जागेत आहे. जी जागा डॉक्टरास दाखविण्याचीच नव्हे, तर घरात तिचा उच्चार करण्याचीही लाज वाटते, त्या जागेचे दुखणे माणूस धोतराच्या नाही तर लुगड्याच्या आड लपवितो. आणि लपविलेल्या दुखण्यावर जो उपाय होतो तो बहुधा चिखलाचा गोळा थापण्याच्याच जातीचा असतो.

भगंदराची उत्पत्ती समजण्यासाठी गुदद्वाराची रचना थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. गुदमार्गाभोवती स्नायूंची दोन वर्तुळे एकात एक बसविलेली असतात. आतले वर्तुळ आपल्या इच्छेवाचून, झोपेतसुद्धा, मिटलेले राहते. बाहेरचे वर्तुळ आपल्या हुकमतीत असते. वायू आणि मल हवा तेव्हा सोडणे व नको तेव्हा थोपविणे, हे माणसाच्या प्रतिष्ठेचे कार्य ही दोन वर्तुळे मिळून करतात. गुदमार्गाच्या आतील अस्तरात काही सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांची तोंडे आत उघडतात, आणि त्यांपैकी कित्येकींची मुळे दोन्ही स्नायूंच्या मधल्या फटीपर्यंत गेलेली असतात. अशा एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले व तीत जंतूंनी ठाण मांडले, म्हणजे तेथे पू साठतो. साठलेला पू वाट शोधू लागतो. आणि स्नायूंच्या मधून अथवा स्नायू भेदून तो गुदद्वाराशेजारच्या कातडीखाली येऊन ठेपला की तेथे गळू दिसू लागते.

गळवाचे दुखणे तीव्र असते. बसवत नाही, ताप भरतो, रात्र तळमळत काढावी लागते. मग ते आपोआप फुटते किंवा डॉक्टर ते फोडतात, आणि रोग्यास स्वर्गसुख झाल्यासारखे वाटते. कित्येकांच्या बाबतीत दुखणे तेथेच संपते. परंतु तिघांपैकी निदान एकाच्या बाबतीत तरी ते संपत नाही. आत ग्रंथीचे तोंड उघडेच राहते, बाहेर गळवाची जखम असते, आणि दोहोंच्या मध्ये पुवाने पाडलेली वाट कायम होऊन बसते. बाहेरचे तोंड कधी भरून येते. घरचे लोक ‘बरे झाले’ म्हणतात. दोन महिन्यांनी तेथेच पुन्हा ठणका लागतो, पुन्हा पू येतो, पुन्हा आराम पडतो. भरणे आणि फुटणे हे रहाटगाडगे म्हणजेच भगंदराची खूण होय. पुरुषांत हा रोग स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो, आणि ऐन उमेदीच्या व कर्तेपणाच्या वयात तो विशेष दिसतो.

गुदद्वाराच्या प्रत्येक तक्रारीस ‘मूळव्याध’ हे एकच नाव देण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि या चालीने पुष्कळांचे नुकसान केले आहे. मूळव्याधीत शिरांचे कोंब फुगतात व शौचाच्या वेळी बहुधा न दुखता रक्त पडते. गुदद्वारास चीर पडली असता शौचाच्या वेळी कापल्यासारखी आग होते. भगंदरात मात्र गुदद्वाराच्या बाजूस, कधी चांगले दोन-तीन बोटांच्या अंतरावर, एक बारीकसा उंचवटा किंवा छिद्र असते व त्यातून पू, लस किंवा रक्तमिश्रित पाणी झिरपून वस्त्र डागाळते. तिन्ही रोग निराळे, त्यांची कारणे निराळी, उपचारही निराळे. एकाचे औषध दुसऱ्यास दिल्याने केवळ काळ जातो. आणि या रोगात काळ गेला म्हणजे बिळास नव्या शाखा फुटतात.

आपल्या पूर्वजांनी हा रोग नीट ओळखला होता. सुश्रुताने ज्या आठ व्याधींस महागद, म्हणजे मोठे व दुश्चिकित्स्य रोग, म्हटले आहे त्यांत भगंदराची गणना आहे. गळू पिकून फुटण्यापूर्वी ती पिडका आणि पिकून फुटल्यावर तोच भगंदर, हा आजच्या शस्त्रवैद्यासही मान्य असलेला क्रम त्याच्या ग्रंथात स्पष्टपणे सांगितला आहे. त्याने या रोगाचे पाच प्रकार मानले, आणि त्यांची नावे तर चित्रासारखी आहेत : चाळणीप्रमाणे अनेक छिद्रांचा शतपोनक, उंटाच्या मानेसारखा वर आलेला उष्ट्रग्रीव, सतत स्रवणारा परिस्रावी, शंखाच्या वेटोळ्यांसारखा शम्बूकावर्त, आणि बाहेरच्या शल्याने आडवाट पाडून झालेला उन्मार्गी. यांपैकी शेवटचे दोन त्याने असाध्यांत घातले. एषणी नावाच्या सळईने वाट शोधावी व मग शस्त्र चालवावे, असा त्याचा उपदेश आहे. मात्र रोगी कृश, दुर्बल किंवा भित्रा असेल, तर शस्त्राऐवजी क्षाराने माखलेल्या दोऱ्याने नाडी हळूहळू छेदावी, असेही तो सांगतो.

पश्चिमेकडील इतिहासही बोधप्रद आहे. फ्रान्सचा बादशाही थाटाचा राजा चौदावा लुई यास १६८६ साली हा रोग जडला. काही महिने लेप आणि पोटिसे चालली. त्यांचा उपयोग झाला नाही. त्याचा शस्त्रवैद्य फेलिक्स याने आधी सामान्य रोग्यांवर हात बसवून घेतला, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी व्हर्साय येथे राजावर शस्त्रक्रिया केली. दिवस उजाडेपर्यंत ही गोष्ट मोजक्याच माणसांस ठाऊक होती. राजा बरा झाला. पुढे १८३५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन या शस्त्रवैद्याने या रोगाने पीडित गरिबांसाठी सात खाटांचा एक दवाखाना उघडला. तोच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय या नावाने विख्यात झाला. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या भगंदरावर १८४१ साली याच सॅमनने शस्त्रक्रिया केली, आणि तीही भूल देण्याची कला अवगत होण्यापूर्वी! राजा असो, कादंबरीकार असो की राजूरकडील भातशेतकरी असो, हा रोग कोणाची पायरी पाहत नाही. तेव्हा त्याची लाज बाळगण्यास काडीचाही आधार नाही.

आता उपचाराचा विचार. येथे पुन्हा एकवार खाचराच्या बांधाकडे वळावे लागते. खेकड्याचे बीळ बांधाच्या माथ्यालगत असेल, तर शेतकरी तेवढा भाग सरळ वरून खणून बीळ उघडे पाडतो, आतली भुसभुशीत माती काढून टाकतो आणि नवी माती पायाने घट्ट तुडवितो. पण तेच बीळ बांधाच्या तळातून गेलेले असेल आणि ते काढण्यासाठी कोणी अख्खा बांध फोडला, तर बीळ जाईल खरे, परंतु खाचरात पाणीही राहणार नाही. भगंदराच्या चिकित्सेतील सारी अडचण या एका दृष्टान्तात सामावलेली आहे. स्नायूंची वर्तुळे हा बांध होय. वाट त्या बांधाच्या किती भागातून गेली आहे, यावर उपचाराची निवड अवलंबून असते. सेंट मार्क्स रुग्णालयातील शस्त्रवैद्य सर ॲलन पार्क्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली ४०० रोग्यांच्या निरीक्षणावरून भगंदराचे जे चार प्रकार ठरविले, तेही वाट आणि स्नायू यांच्या याच संबंधावर आधारलेले आहेत, आणि जगभर आजही ते प्रमाण मानले जातात.

म्हणून पहिले काम वाटेचा नकाशा काढण्याचे. डॉक्टर डोळ्यांनी व बोटाने तपासतात. या तपासणीस काही मिनिटे लागतात. ती थोडी नकोशी वाटली, तरी एरवी सहसा फारशी दुखत नाही, आणि ठणका असह्य असेल तर ती भूल देऊन करता येते. वाट खोल असेल, तिला शाखा असतील किंवा रोग एकदा शस्त्रक्रिया होऊन उलटला असेल, तर चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने शरीराच्या आतील चित्र घेतात, ज्यास एम. आर. आय. म्हणतात. आतले तोंड कोठे आहे आणि लपलेला पू कोठे साठला आहे, ते या चित्रात दिसते. हा खर्च अनाठायी नव्हे. एखादी शाखा नजरेतून सुटणे हे रोग उलटण्याचे एक मोठे कारण आहे.

वाट उथळ असेल व स्नायूचा थोडाच भाग तिच्या कक्षेत येत असेल, तर ती संबंध उघडी करून तळापासून भरू देणे हा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. अशा साध्या भगंदरात शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी बरे होतात. परंतु वाट स्नायूच्या मोठ्या भागातून जात असल्यास तसे करणे धोक्याचे असते, कारण मग वायू किंवा पातळ मल आवरेनासा होतो. स्त्रियांच्या बाबतीत, विशेषतः समोरच्या बाजूच्या भगंदरात, अधिक जपावे लागते. कारण तेथील स्नायू मुळातच आखूड असतो, आणि बाळंतपणात तो दुखावलेला असण्याचा संभव असतो.

अशा अवघड भगंदरासाठी बांध राखून बीळ बुजविण्याच्या अनेक युक्त्या निघाल्या आहेत. वाटेतून एक सैल दोरा ओवून ठेवतात. त्यामुळे पू साठत नाही, सूज उतरते आणि पुढील शस्त्रक्रियेस जागा तयार होते. आतल्या तोंडावर आतील अस्तराचाच एक पदर ओढून ते शिवून टाकता येते. २००७ साली थायलंडमधील शस्त्रवैद्य अरुण रोजनसकुल यांनी दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून वाट तेथेच बांधून तोडण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत स्नायू कापावा लागत नाही. बारीक दुर्बीण आत घालून वाट आतून पाहत पाहत जाळण्याची, किंवा लेसर किरणांनी ती बंद करण्याची रीतही रूढ होत आहे. या सर्व पद्धतींत स्नायू बहुतांशी सुरक्षित राहतो, हा मोठा लाभ आहे. पण साध्या भगंदरातील उघड्या शस्त्रक्रियेइतकी खात्री त्यांपैकी कोणतीच देत नाही, आणि काही रोग्यांस दुसऱ्यांदा उपचार घ्यावा लागतो. ‘एकाच दिवसात, हमखास, कायमचा’ अशी ग्वाही जो देतो, त्याच्यापासून चार पावले दूर राहणेच शहाणपणाचे.

सुश्रुताच्या दोऱ्याची कथा येथे पुढे चालू होते. अकराव्या शतकातील चक्रदत्ताने निवडुंगाचा चीक व हळद यांनी असा दोरा माखण्याची कृती दिली आहे. ही विद्या मधल्या काळात जवळजवळ विस्मरणात गेली होती. १९६० नंतरच्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. एस. शंकरन आणि डॉ. पी. जे. देशपांडे यांनी तिचे पुनरुज्जीवन करून तिला शास्त्रीय शिस्त लावली. लिननच्या पक्क्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस थर क्रमाने चढवितात व दर थर वाळवितात. गौरी-गणपतीच्या पत्रीत ज्या आघाड्यास मान आहे, तोच हा आघाडा. असा दोरा भगंदराच्या वाटेतून ओवून बांधतात आणि आठवड्याच्या आठवड्यास बदलतात. तो वाट हळूहळू कापीत जातो आणि मागून जखम भरत येते. आठवड्यास साधारण एक सेंटिमीटर, असा त्याचा वेग असतो.

या पद्धतीची परीक्षा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील अनेक केंद्रांत घेतली व तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेने जखम भरण्यास मध्यमानाने ४ आठवडे लागले, क्षारसूत्राने ८. मात्र वर्षभरानंतर पाहता शस्त्रक्रिया झालेल्यांत शेकडा ११ जणांचा रोग उलटला होता, क्षारसूत्र घेतलेल्यांत शेकडा ४ जणांचा. म्हणजे वेळ दुप्पट, पण परतण्याचा धोका निम्म्याहूनही कमी. शिवाय रोगी हिंडता-फिरता राहतो. ज्यास ऐन लावणीत किंवा सुगीत अंथरुणास खिळून राहणे परवडत नाही, आठवड्यातून एकदा बाजारास जाणे मात्र शक्य असते, अशा राजूरकडील शेतकऱ्यास या हिशेबाचे मोल वेगळे सांगावयास नको. तथापि हा दोरा म्हणजे घरगुती उपाय नव्हे. तो अखेर स्नायूच कापीत असतो, सावकाश कापतो इतकेच. वाट न शोधता, चुकीच्या मार्गाने, अशिक्षित हाताने ओवलेला दोरा नवेच बीळ पाडून ठेवतो. बसस्थानकांच्या भिंतींवर ‘बिनऑपरेशन इलाज’ असे रंगविलेले असते, त्या ठिकाणी मिळणारा दोरा आणि शिकलेल्या शल्यवैद्याचा दोरा यांत, खेकड्याने पाडलेले बीळ आणि पाटकऱ्याने काढलेला पाट यांच्याइतके अंतर आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बहुतेक भगंदर साध्या जंतूंनी होतात. परंतु आपल्या देशात काही भगंदरांच्या मुळाशी क्षयरोग असतो, आणि काहींच्या मुळाशी आतड्यांच्या जुनाट दाहाचा क्रोन नावाचा विकार. अशा वेळी नुसत्या शस्त्रक्रियेने भागत नाही. मूळ रोगावरचे औषध पुरे घ्यावे लागते. म्हणून काढलेल्या भागाचा तुकडा तपासणीस पाठविला आहे ना, हे रोग्याने विचारावे. वजन घटत असेल, बारीक ताप राहत असेल, जुलाब होत असतील किंवा छिद्रे अनेक असतील, तर ते डॉक्टरास न विचारता सांगावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणल्यावाचून जखम नीट भरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी साधी आहे, पण ती नेटाने घ्यावी लागते. कोमट पाण्याच्या टोपलीत दिवसातून दोन-तीन वेळा बसावे. शौचानंतर जागा पाण्याने स्वच्छ करून कोरडी ठेवावी. पाणी, भाज्या, फळे व कोंड्यासकट भाकरी यांनी मल मऊ राहील असे पाहावे. जखम वरून लवकर मिटावी अशी घाई करू नये. ती तळापासून भरून येणे हेच हिताचे असते. आणि मधल्या काळात अकस्मात ठणका वाढला, ताप आला, लघवी अडली, तर उद्यावर ढकलू नये. साठलेला पू औषधाच्या गोळ्यांनी विरत नाही. तो बाहेरच काढावा लागतो. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. अशा प्रसंगी प्रथम जवळच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरावी, आणि अवघड भगंदरासाठी तेथूनच मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी घ्यावी.

शहरातील सुशिक्षित कुटुंबास यातील बऱ्याच सोयी हाताशी असतात. पण एका बाबतीत ते राजूरच्या शेतकऱ्याहून मुळीच पुढे नसते, आणि ती बाब म्हणजे संकोच. खुर्चीवर उशी घेऊन बसणारे वडील, स्वतःचे कपडे कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी धुऊन टाकणारी सून, वसतिगृहातून सुटीत आलेला आणि जेवताना सारखी कूस बदलणारा मुलगा, यांच्याकडे घरातल्या कोणीतरी एकाने पाहून हळूच विचारणे, ही या रोगावरची पहिली मात्रा होय. डॉक्टरासमोर गेल्यावर तीन प्रश्न विचारावे : आतले तोंड सापडले काय? वाट स्नायूच्या किती भागातून जाते? सुचविलेल्या उपचारात स्नायूस धोका किती आणि रोग उलटण्याचा संभव किती? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे जो देतो, त्याच्या हाती निर्धास्तपणे स्वतःस सोपवावे.

राजूरचा शेतकरी बांधाची धार पाहिल्यावर ती शेजाऱ्यापासून लपवीत नाही. उलट त्यास हाक मारून बोलावतो, कारण एकाचा बांध फुटला तर खालच्या साऱ्या खाचरांस त्याचा फटका बसतो, हे दोघांसही ठाऊक असते. घराचेही तसेच आहे. कर्त्या माणसाचे झाकलेले दुखणे सबंध घरास झिजवीत असते. ते बोलून दाखविले, म्हणजे बिळाचे आतले तोंड शोधण्याचे निम्मे काम तेथेच झाले, असे समजावे.